आवडीची राहिलेली दोन वर्षं

"दोन वर्षांत शिकलेली परिचारिका म्हणजे अर्धी परिचारिका," असं म्हणत राजवैद्य नीलकंठशास्त्र्यांनी आवडीचं प्रमाणपत्र तिच्याकडे परत सरकवलं. "आमच्या केतकपुरात चार वर्षं शिकावं लागतं. त्याशिवाय राजपटावर नाव चढत नाही."

"अर्धी म्हणजे डावी अर्धी की उजवी, शास्त्रीबुवा?" आवडीने विचारलं.

दारातले पहारेकरी खोकल्याचं निमित्त करून हसले. शास्त्रीबुवांचा पारा चढला आणि त्यांनी पटच मिटून टाकला.

आवडी नदीपलीकडच्या राज्यातली, लग्न होऊन केतकपुरात आलेली. माहेरी ती वनौषधींची विद्या आधीच पूर्ण शिकली होती, म्हणून तिथल्या शुश्रूषाशाळेने तिला दोन वर्षांच्या जलद वर्गात घेतलं होतं. पण केतकपुरात राजपटावर नाव नसेल तर आजाऱ्याच्या अंगाला हात लावायची बंदी. रुग्णशाळेत खाटा भरलेल्या, परिचारिका तीनच, आणि आवडीला मात्र तिथे नुसता केर काढू देत. कुणी तापाने फणफणलेलं कण्हायला लागलं, की तिचा जीव तुटायचा.

शेवटी देवाचं नाव घेऊन ती थेट दरबारात गेली.

राजा वीरकेतू मनाचा मोठा, पण हट्टाने त्याहून मोठा. शास्त्रीबुवांनी त्याचे कान आधीच भरून ठेवले होते.

"तुझी दोन वर्षं कमी पडतात ना, मुली?" राजा म्हणाला. "मग सोपं आहे. राहिलेली दोन वर्षं घेऊन ये. परवा सकाळी इथे हजर कर. नाही आणलीस, तर रुग्णशाळेची पायरी पुन्हा चढायची नाही. केर काढायलासुद्धा नाही."

सगळा दरबार हसला. आवडीने वाकून नमस्कार केला. "आणते, महाराज."

घरी सासूने कपाळाला हात लावला. "अगं, परवापर्यंत दोन वर्षं कुठून आणणार तू? बाजारात काय ती पायलीने मिळतात?"

"नाही मिळत, आत्याबाई. पण कुठे मिळतील ते महाराजांनाच ठाऊक असणार. त्यांनाच विचारते."

ठरल्या दिवशी आवडी रिकाम्या हातांनी दरबारात उभी राहिली.

"आणलीस दोन वर्षं?" राजाने विचारलं.

"आणायलाच निघाले होते, पण जागा सापडेना. म्हणून आधी एक विचारायला आले. राजवाड्यात गणपती किती दिवसांचा असतो, महाराज?"

"दीड दिवसाचा. आमच्या कुळाची रीतच आहे तशी."

"आणि शास्त्रीबुवांकडे?"

"दहा दिवसांचा," शास्त्रीबुवा छाती फुगवून म्हणाले.

"मग महाराजांचा गणपती अर्ध्याहूनही कमीच म्हणायचा."

राजा ताडकन उठला. "काय बोलतेस तू? प्राणप्रतिष्ठा असते, षोडशोपचारे पूजा असते, एकवीस मोदकांचा नैवेद्य, आरत्या, उत्तरपूजा. कशात काय कमी असतं?"

"कमी कसलं?" चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब बोलल्या. "सगळं तेच, तितकंच. फक्त दीड दिवसात करायचं म्हणजे आम्हा बायकांना पाठ टेकायला फुरसत मिळत नाही, एवढंच."

"आमच्या वर्गात अगदी असंच होतं, राणीसाहेब," आवडी म्हणाली. "पाठ तेच, आजाऱ्यांजवळच्या पाळ्या त्याच, परीक्षाही तीच. इथल्या शाळेला प्रतिपदेची सुट्टी, अष्टमीची सुट्टी, अमावास्येचीही सुट्टी. आम्हाला दिवाळीतसुद्धा नव्हती. झाडपाल्याचे धडे माझे आधीच झाले होते, ते पुन्हा कशाला गिरवायचे?"

मग ती राजाकडे वळली. "तेव्हा महाराज, शास्त्रीबुवांच्या दहा दिवसांतून आपला दीड दिवस वजा केला, की साडेआठ दिवस राहतात. ते आपण कुठे ठेवलेत तेवढं सांगा. माझी दोन वर्षं तिथेच कुठेतरी असतील. आत्ता जाऊन घेऊन येते."

राजाला हसू आवरेना, पण शास्त्रीबुवा हार मानणारे नव्हते. "महाराज, ही तुलनाच चुकीची आहे. गणपती देव आहे. ही माणूस."

"म्हणून तर, शास्त्रीबुवा," आवडी हात जोडून म्हणाली. "देवाला दीड दिवस पुरतो. मला मेलीला दोन वर्षं लागली."

राजा इतका हसला की त्याला सिंहासनाचा हात धरावा लागला. पडद्यामागे बांगड्या किणकिणल्या. हसू दाबता दाबता शास्त्रीबुवांचीही शेंडी हलायला लागली.

"शास्त्रीबुवा," डोळे पुसत राजा म्हणाला, "आमचे साडेआठ दिवस शोधून आणता, की पट उघडता?"

शास्त्रीबुवांनी मुकाट्याने पट उघडला आणि टपोऱ्या अक्षरांत आवडीचं नाव चढवलं. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. राणीसाहेबांनी तिला आत बोलावून खणानारळाने तिची ओटी भरली. आणि त्याच दुपारी रुग्णशाळेतली खिडकीकडची खाटांची सबंध रांग आवडीच्या हाती आली.