फाळाचा आवाज

डोंगर फोडून काढलेलं लोखंड लोक जपून वापरत, त्या काळातली ही गोष्ट. एका माळावर फिरत्या लोहाराचं बिऱ्हाड उतरलं होतं. गावाने आणून दिलेल्या मोडक्या लोखंडाच्या ढिगात नांगराचा एक तुटका फाळ पडला होता. समोर भट्टी धगधगत होती.

"कुदळआजी सकाळी आगीत गेली, ती परत आलीच नाही," फाळ कुजबुजला.

"मग चिखलात तोंड खुपस," शेजारचा गंजका खिळा म्हणाला. "लोहारीण प्रत्येकाला हातोडीने वाजवून बघते. खणखणला तो भट्टीत जातो. बद्द वाजला तो ओढ्यात. चिखल भरला की तू बद्दच वाजशील."

"ओढ्यात काय होतं?"

"तिथून अजून कोणी काही कळवलं नाही," खिळा म्हणाला, आणि बोलताबोलता त्याचा एक पापुद्रा गळून पडला.

फाळाने घाईघाईने चिखलात तोंड खुपसलं.

इतक्यात लोहारणीने एक नवं खुरपं ढिगाजवळ ठेवलं.

"काय रे फाळ्या, ओळखलं नाहीस? मी कुदळआजी!"

"आजी! दुखलं का गं?"

"खूप दुखलं. पण उद्या मला भुईमूग खुरपायचाय."

लोहारणीने खिळा वाजवून पाहिला आणि ओढ्यात फेकला. डुबुक आवाज झाला, मग काहीच ऐकू आलं नाही.

फाळाने चिखलातून तोंड बाहेर काढलं. भीती काही गेली नव्हती. तो नखशिखांत थरथरत होता, म्हणूनच हातोडी लागताच सगळ्यांत मोठ्याने खणखणला.

"अहो, याच्यात अजून जीव आहे," लोहारीण म्हणाली. नवऱ्याने भाता ओढला.