चिंचखोरीच्या खाणीतले पाच शब्द

चिंचखोरीच्या काळ्या खाणीत उतरलं की उजव्या हाताला उभा कडा लागतो. त्यावर छातीएवढ्या उंचीवर पाच इंग्रजी शब्द आपल्या अक्षरांत कोरलेले आहेत, पुढे अर्थ. इरप्ट, उसळून बाहेर फुटणे. इंटरप्ट, मध्येच तोडणे. ॲब्रप्ट, एकाएकी तुटलेले. करप्ट, आतून सडलेले. रप्चर, फाटणे. अक्षरं वाकडी आहेत आणि गरजेपेक्षा खोल गेली आहेत. का, ते सायबण्णा पाथरवट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

फार वर्षांपूर्वी इथे दुर्गव्वा नावाची मुलगी दगड घडवायची. सातवी शिकलेली. दगडाला शीर असते, तिच्यावर छिन्नी बसली की धोंडा उकलतो. शब्दांचंही तसंच, असं ती म्हणायची म्हणे. ‘रप्ट म्हणजे फुटणं. एवढी शीर धरा, बाकीचे आपोआप उकलतील.’ पाट्या वाहणाऱ्या बायकांकडून ती चालता चालता शब्द म्हणवून घेई. धाकटा भाऊ यल्लप्पा दुसरीतून पळालेला. तो ‘रप्टुर’ म्हणाला की मागून खडा येई. ‘रप्चर म्हण, धोंड्या. टु कुठनं आणलास?’

सुरुंगाची वेळ मुकादम फरशीच्या फळ्यावर इंग्रजीत लिही, तीही अक्षरी. ठेकेदाराला तेच रुबाबदार वाटे. दुर्गव्वा ती सगळ्यांना वाचून दाखवी. त्या दिवशी तिनं चार वाजता असं वाचलं आणि राहिलेल्या छिन्न्या आणायला कड्याखाली गेली. ठेकेदाराला परतायची घाई होती. त्यानं तीनलाच बत्ती द्यायला लावली.

तिचं प्रेत वर आणलं तेव्हा मुकादम लोकांना म्हणाला, ‘वेळ लिहिली होती. अडाणी बाई, वाचता येत नव्हतं. त्याला कोण काय करणार?’

यल्लप्पा घण उचलून त्याच्यावर धावला. चौघांनी त्याला आवरलं. त्यांच्या हातातून सुटला तो घणासकट फळ्यावर तुटून पडला, आणि फरशीचा पार चुरा करूनच थांबला.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. मुकादमानं शांतपणे सांगितलं, ‘तीन लिहिले होते, साहेब. फळा यानंच फोडला.’

‘दुर्गव्वानं चार वाचलं होतं,’ बायका म्हणाल्या.

‘जिला वाचता येत नाही ती काहीही वाचेल,’ मुकादम हसला.

त्याला खोटं पाडणारी एकच वस्तू होती, आणि ती यल्लप्पानं स्वतःच्या हातानं फोडली होती. साहेब परवा कागद पुरा करतो म्हणून गेले. बहीण अडाणी ठरणार होती, स्वतःच्या अडाणीपणानं मेलेली.

‘तुझा हात कायम डोक्याच्या पुढं पळतो,’ पाट्या वाहणारी म्हातारी गंगव्वा त्याला म्हणाली. ‘आता तोच कामाला लाव.’

दोन दिवस तो कड्यापुढून हलला नाही, असं सांगतात. बहिणीचे शब्द कानात होते, ते कसेबसे अक्षरांत उतरवले. प्रत्येक घावाला मुकादमाला शिवी होती.

साहेबांनी कडा वाचला. मुकादम म्हणाला, ‘भावानं कोरलं. त्यात बहिणीचं काय?’

गंगव्वानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. ‘इंटरप्ट. मध्येच तोडणे.’ तिच्या मागून दुसरी बोलली, मग तिसरी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या अकरा बायका, उच्चारासकट, अर्थासकट.

‘कोणी शिकवलं?’

‘दुर्गव्वानं.’

साहेब मुकादमाकडे वळले. ‘करप्टचा अर्थ तुम्ही सांगा.’ मुकादमाला इंग्रजी येत होतं. तरी त्याचा आवाज ‘आतून’वरच पडला.

मयत साक्षर होती, असं कागदावर चढलं. तिनं वाचलेली वेळही चढली. ठेकेदार मात्र वरच्या वशिल्यानं सुटलाच म्हणे. यल्लप्पाचा राग त्याच्या स्वतःच्या सरणापर्यंत गेला. ज्याच्या हुकुमानं बत्ती लागते त्यानं आधी हा कडा वाचायचा, नाहीतर खाणीत कोणी पाऊल टाकायचं नाही, ही शपथ त्यानं सगळ्यांना घातली.

आजही सुरुंगाआधी मुकादम कड्यापुढे उभा राहून पाचही शब्द मोठ्यानं म्हणतो. चौथ्या शब्दाला, ‘करप्ट’ला, आवाज पडला की बायका पाट्या खाली ठेवतात आणि त्याला पहिल्यापासून म्हणायला लावतात. गेल्या साली आलेल्या नव्या मुकादमाला नऊ वेळा म्हणावं लागलं.