पाण्याचा भांग

एका राज्यात, चैत्र शुद्ध पंचमीला, दिवस उगवून बरोबर दोन घटका झाल्या आणि नद्या वाहायच्या थांबल्या. कालजट मांत्रिकाने आपली जट डोंगरमाथ्यावर टाकली होती. सारं पाणी तिच्यात गुंतलं. ते ना पूर्वेला जाई, ना पश्चिमेला. माथ्यावरच फुगत राही. तिथल्या देवळात इंदुला नावाची चार वर्षांची राजकन्या अडकली होती.

राजाने तलवारीने जट तोडली. एकीच्या दोन झाल्या.

राणी मालवती अनवाणी धावली. वाटेत उंबरावर सातासमुद्रापलीकडचा निळा पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राणीसाहेब, रडू नका. पाणी आधीच बरंच आहे."

"पाखरा, चेष्टा नको. लेक बुडतेय माझी!"

"मग तीन गोष्टी मिळवा. नागिणीचं तेल, साळूचा काटा आणि माझा शब्द. वॉटरशेड."

"म्हणजे काय रे?"

"इंग्रजी मुलखाचा शब्द. वॉटर म्हणजे पाणी. शेड म्हणजे, तिथल्या जुन्या बोलीत, वेगळं करणं. डोंगराच्या ज्या कण्यावर पाऊस दुभंगतो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे, तो वॉटरशेड. पुढे माणसं आयुष्यातल्या मोठ्या वळणालाही तेच म्हणू लागली. तिथून पुढे सगळंच दुसरीकडे वाहतं."

"अगं बाई! म्हणजे डोंगराचा भांगच की!"

राणी वारुळाशी गेली. नागिणीने विचारलं, "मला भीत नाहीस?"

"भिते. पण लेकीसाठी जास्त भिते."

नागिणीने तेल दिलं. साळू लेकुरवाळी होती. तिने काही न विचारताच काटा दिला.

राणी माथ्यावर पोचली तेव्हा पाणी देवळाच्या उंबऱ्याला लागलं होतं. कालजट खदखदा हसला, "ओढ बाई, ओढ!"

राणीने ओढलं नाही. लेकीचे गुंतलेले केस कुणी मुळापासून ओढतं का? ती जटांच्या टोकांशी बसली, तेल चोळलं, एकेक गाठ सोडवत वर सरकली.

"एवढं हळू? बुडेल हो पोर!"

"घाई केली की गाठ बसते, बुवा."

शेवटची गाठ सुटली. राणीने डोंगराच्या कण्यावरून काटा ओढला आणि ओरडली, "वॉटरशेड!"

पाणी दुभंगलं. अर्धं पूर्वेला धावलं, अर्धं पश्चिमेला. कालजटाची राख झाली आणि तीही वाहून गेली. नगारे झडले, पाटांना पाणी आलं. इंदुला ओल्या परकराने पायऱ्या उतरली. म्हणाली, "आई, भूक लागली."

ऐकलंत ना, बायांनो? मग लेकीचा भांग पाडाल तेव्हा हा शब्द अर्थासकट तिच्या कानी घाला, आणि शेजारणीलाही सांगा.