विनंती थांबा

एका गावात एक भोळा गडी होता. भोळा हे आपलं तोंडदेखलं. पाठीमागं गाव जो शब्द वापरी तो पोरासोरांपुढं सांगण्यासारखा नाही. नाव मात्र सर्जेराव. आईबापांनी नाव ठेवायची घाई केली. चार वर्षं वाट बघितली असती तर काहीतरी बेताचं ठेवलं असतं.

सर्जेरावाला सांगितलेलं कळत नसे असं नाही. जेवढं सांगितलं तेवढंच कळे, हीच सगळी अडचण. एकदा भिंतीला चुना लावत होता. शेजारीण जेवणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "हात आवरा आता." ह्यानं आवरला. भिंत अजून अर्धी पांढरी आहे.

त्याची बायको मालन. चांगली शहाणी बाई. असल्या माणसाशी तिचं लग्न कसं झालं ते विचारू नका; शहाणपण लग्नानंतर कामाला येतं, आधी कुणी विचारत नाही.

न्हाणीमागं सांडपाण्याचा खड्डा काढायचं चाललं होतं. सर्जेराव सहा दिवस खणत होता. पुरुषभर खोल गेला. सातव्या दिवशी मालन भावकीतल्या लग्नाला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "मी येईस्तवर तेवढा खड्डा पुरा करून ठेवा."

चौथ्या दिवशी आली. बघते तर न्हाणीमागं सपाट जमीन. वर शेणानं सारवलेलंसुद्धा.

"खड्डा कुठाय?"

"पुरला."

"अवो, कशापायी?"

"तूच म्हनलीस की, पुरा."

"आन कुदळ?"

"ती आतच हुती."

मालननं हातातली पिशवी खाली ठेवलीच नाही. तशीच माहेरच्या वाटेला वळली. "आयुष्यात एक तरी गोष्ट शेवटाला न्या," ती म्हणाली. "चार माणसांदेखत. तवा मी नांदायला येते. तोवर बसा त्या कुदळीसंगं."

सर्जेराव दोन दिवस खरंच कुदळीसंगं बसला. म्हणजे सारवलेल्या जागेवर. तिसऱ्या दिवशी त्याला घोरपडे मास्तरांची आठवण झाली.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना शिट्टी वाजवायला कुणी उरलं नव्हतं, तेवढ्यात तालुक्यात तिहेरी शर्यतीचं खूळ आलं. दीड किलोमीटर तलावात पोहायचं, तसंच ओलं उठून चाळीस किलोमीटर सायकल हाणायची, सायकल टाकून दहा किलोमीटर पळायचं. शर्यत पुरी केली की गळ्यात पदक. पदक पत्र्याचं. भाग घेणारे कोण? दाताचे डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, प्लॉट विकणारे. ही माणसं घरात जेवलेलं ताट उचलत नाहीत. कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण आणायचं तर मोटार काढतात. पण रविवारी पहाटे अंगाला चिकटलेले कपडे घालून मैलोन् मैल सायकल मारतात आणि मनगटावरच्या घड्याळाला विचारतात, मी दमलो का रे?

असले नऊ जण मास्तरांच्या हाताखाली होते. सर्जेराव दहावा झाला.

"मास्तर, एक गोष्ट शेवटाला न्यायची हाय."

"एक कशाला? तीन ने. एका दमात."

सर्जेराव खूश. पदक गळ्यात पडलं की मालन घरी, आणि वर दोन गोष्टी शिल्लक.

शर्यतीचा दिवस उजाडला. तलावाच्या काठावर शंभरेक माणसं काकडत उभी. मास्तरांनी सर्जेरावाच्या पाठीवर थाप मारली. "भ्यायचं न्हाई. पाण्यात पडलास की हातपाय मारत राहायचं."

शिट्टी झाली. सर्जेराव पाण्यात पडला. डावीकडच्या दातांच्या डॉक्टरला एक हात मारला. उजवीकडच्या मॅनेजरला दुसरा मारला. पाय मारायला मागं एक प्लॉटवाला होताच.

"अरे, मारतोस काय?" डॉक्टर ओरडला.

"मास्तरांनी सांगितलंय," सर्जेराव म्हणाला आणि अजून एक मारला.

काठावरनं मास्तर केकाटले, "माणसांस्नी नव्हं रे, गाढवा! पाणी मागं सार! पाणी दिसलं की मागं सारायचं!"

असं आधीच सांगायचं. सर्जेराव पाणी मागं सारत सारत बाहेर आला आणि सायकलवर बसला.

दहा किलोमीटरवर शाळेच्या पोरी रस्त्याकडेला पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. "काका, पाणी!" सर्जेरावानं पेला हातानं मागं सारला. पोरगी भिजली. दुसरीचा सारला. दुसरी भिजली. पुढच्या ठिकाणी बाटल्या होत्या, त्या मागं सारल्या, त्या मागच्या सायकलवाल्याच्या चाकात गेल्या. चाळीस किलोमीटर होईपर्यंत सर्जेरावाची जीभ वहाणेच्या तळव्यासारखी कोरडी पडली आणि सायकलवरनं उतरला तो भोवळ येऊन आडवाच झाला.

मास्तरांनी त्याच्या तोंडावर बाटली ओतली. "अरे बिनडोक्या, ते पोहताना! आता पाणी दिसलं की प्यायचं. एक थेंब सोडायचा न्हाई. कळलं?"

"कळलं."

हा शब्द सर्जेरावाच्या तोंडून आला की शहाण्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगावं. मास्तरांना तेवढा अनुभव अजून नव्हता.

सर्जेराव पळत सुटला. पहिलं पाणी पेल्यातलं. प्याला. दुसरं कुणाच्या तरी दारातल्या बादलीतलं. प्याला. तिसरं हौदातलं. तिथं म्हैस पीत होती, ती आपणहून बाजूला झाली. जनावराला माणूस कळतो. असा साडेनऊ किलोमीटर प्यायला. मग वाट वळली आणि समोर आला तलाव.

अख्खा.

शेवटाची कमान तिथनं पाचशे मीटरवर दिसत होती. एकेक जण कमानीखालनं जात होता, पदक घेत होता, फोटो काढत होता. सर्जेरावाचा पत्ता नाही. मास्तर मोटरसायकलवरनं शोधत आले, तर हा काठावर उपडा पडून पितोय.

"सर्जेराव! अरे, किती राहिलं?"

सर्जेरावानं तोंड पुसलं. पैलतीराकडं नजर टाकली. "लई राहिलंय, मास्तर. अजून काठसुदिक खाली गेला न्हाई."

तेवढ्यात वेळ संपल्याचा भोंगा झाला. मास्तरांनी शिट्टी खिशात टाकली. सर्जेराव उठला, पण पोटात निम्मी म्हैस मावेल एवढं पाणी. तोल गेला, शेवाळावरनं पाय सटकला, आणि गुडघा मुरगळला.

मालनकडं निरोप गेला: पाचशे मीटर राहिले. मालनचा निरोप आला: राहिले म्हंजे राहिलेच.

हाडांच्या डॉक्टरीणबाई दर मंगळवारी गावात येत. त्यांनी गुडघा दाबून बघितला. "सहा आठवडे पळणं बंद. पायावर जोर द्यायचा नाही. पाय उंचावर ठेवायचा. जेवढा उंच, तेवढी सूज लवकर उतरेल."

पुढच्या मंगळवारी बाई आल्या तर दवाखान्यात चिटपाखरू नाही. सगळा गाव पाण्याच्या टाकीखाली मान वर करून उभा. टाकीच्या माथ्यावर सर्जेराव. लोखंडी शिडी नुसत्या हातांनी चढला होता. पायावर जोर द्यायचा नव्हता ना. चार दिवस झाले होते. भाकरी दोरीनं वर जात होती.

"अहो, तिथं काय करताय?"

"पाय उंचावर ठेवलाय, बाई! गावात ह्याच्या वर कायबी न्हाई!"

"अहो, डोक्यापेक्षा उंच! स्वतःच्या डोक्यापेक्षा! डोकं खाली, पाय वर, एवढंच लक्षात ठेवा!"

चार जणांनी त्याला पोत्यासारखा दोरानं खाली घेतला. त्यानंतर सहा आठवडे सर्जेराव बाजेवर पडून होता. डोकं खाली, पाय हरभऱ्याच्या पोत्यावर. पडून राहण्यात चूक करायला जागाच नाही, म्हणून गुडघा बरा झाला. येणाजाणाऱ्याला एकच विचारायचा, "मालनला सांगितलं का, मी पुन्हा पळणार हाय?" लोक सांगायचे. मालन निरोप्याला चहा द्यायची. आधी तेवढाही देत नव्हती.

माघात दुसरी शर्यत होती. मास्तरांनी सर्जेरावाला पुन्हा घेतलं. का घेतलं? कारण बाकीचे नऊ जण सांगितलेलं ऐकत नसत, घड्याळाचं ऐकत. हा एकटाच मास्तरांचं ऐकायचा. कवायतीच्या मास्तराला आणखी काय लागतं!

सरावाच्या पहिल्या दिवशी पोहणं. सर्जेराव तलावात उतरला आणि डोकं खाली, पाय वर केले. पाण्याबाहेर दोनच पाय, कमळासारखे. मास्तर वाट बघत बसले. पाय काही बोलेनात. शेवटी मास्तर धोतरासकट उडी मारून गेले आणि त्याला शेंडीला धरून उपसला.

"अरे मुडद्या, डोकं वर काढ की! दर तीन हातांना तोंड वर करायचं, श्वास घ्यायचा!"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी सायकल. सर्जेरावानं तीन पायडल मारले, तोंड आभाळाकडं केलं, श्वास घेतला. तीन पायडल, आभाळ, श्वास. तीन पायडल, आभाळ, आणि पाटलांचा उकिरडा. सायकल बाहेर, सर्जेराव आत.

"मास्तर," आतनं आवाज आला, "श्वास घेतला. पर वास येतोय."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, ते पाण्यात! रस्त्यावर वर काय बघतोस? रस्त्याकडंच्या पाट्या बघ. सरकारनं उगीच लावल्यात व्हय? पाटी वाचायची आणि पाटी सांगंल तसं वागायचं!"

"कळलं," उकिरडा म्हणाला.

माघातली शर्यत आली. तलावावर 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी होती, पण संयोजकांनी तिच्यावरच आपला फ्लेक्स बांधला होता. म्हणून तेवढं पोहणं धड झालं.

सर्जेराव सायकलवर बसला. पहिली पाटी लागली. 'वाहने सावकाश हाका.' सर्जेराव समोरनं येणाऱ्या वाहनाला अगदी सावकाश हाका मारू लागला. "ओ... ट्र... क... ओ..." ट्रकवाला घाबरून शेतात गेला. दुसरी पाटी, 'पुढे वळण आहे.' होतं. सर्जेराव वळला. पाट्या खरं बोलतात म्हणून त्याचा विश्वास बसला.

तिसरी पाटी एका चिंचेखाली होती. निळी, एसटीची. तिच्यावर लिहिलं होतं: विनंती थांबा.

सर्जेरावानं करकचून ब्रेक दाबला.

पाटी पुन्हा वाचली. सरकार आजवर त्याला बरंच काही म्हणालं होतं. रांगेत या म्हणालं होतं, उद्या या म्हणालं होतं, अंगठा उमटत नाही म्हणालं होतं. विनंती पहिल्यांदाच करत होतं. तो सायकलला टेकून थांबला. मॅनेजर पुढं गेला. प्लॉटवाला पुढं गेला. दातांचा डॉक्टर एवढ्या लांबनं गेला की रस्ताच सोडून गेला.

एसटी आली. कंडक्टरनं दार उघडलं. "बसायचंय काय?"

"न्हाई. विनंती केलीया, म्हणून थांबलोय."

"कुणी केली?"

"सरकारनं."

कंडक्टरनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, दार लावलं आणि घंटी वाजवली.

पाऊण तासानं मास्तर मोटरसायकलवरनं आले. हकिगत ऐकली. आधी लाल झाले, मग पांढरे. मग त्यांचा आवाज फुटला तो चिंचेवरची वटवाघळं उडाली.

"अरे मूर्खांच्या महामेरू! तीनला शर्यत बंद! आज राहिलास तर बायको पुन्हा दारात यायची न्हाई! आता कुणीबी थांबा म्हणू दे. हात जोडू दे, पाया पडू दे, गळ्यात हार घालू दे. थांबायचं न्हाई! मान खाली घालायची आणि पळायचं! माझी आण हाय तुला!"

"कळलं, मास्तर."

आणि खरं सांगायचं तर असा पळालेला माणूस त्या तालुक्यानं बघितला नव्हता. सायकल त्यानं अशी हाणली की चेनमधनं धूर निघाला. मग उतरला आणि मान खाली घालून पळत सुटला. पाणी दिलं, थांबला नाही. कुत्रं मागं लागलं, थांबला नाही; कुत्रंच थांबलं. शाळेच्या मैदानात कमानीवरच्या घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी होती, तेव्हा सर्जेराव मैदानात शिरला.

कमानीपलीकडं मालन उभी होती. पिशवी भरूनच आली होती. नवरा मूर्ख असला तरी आपल्यासाठी सहा आठवडे डोकं खाली घालून पडला, एवढं तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिनं पदक वाटणाऱ्याच्या हातातनं पदक मागून घेतलं. म्हणाली, मीच घालते.

सर्जेराव कमानीखालनं गेला. शर्यत पुरी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घोरपडे मास्तर रडले.

"अवो, थांबा!" मालन पदकाची फीत पसरून पुढं झाली. "आले मी!"

सर्जेरावानं मान वर केली नाही. "कितीबी विनंती करा, बाई!" म्हणाला आणि तिच्या हाताखालनं निसटला. मैदानाच्या मागल्या फाटकातनं बाहेर पडला. पदक घेऊन मालन, शिट्टी वाजवत मास्तर आणि थांबा, थांबा म्हणत अर्धा तालुका त्याच्यामागं पळाला. जितके लोक थांबा म्हणत, तितका तो जोरात पळे. टेकडीपाशी सगळ्यांचा दम संपला.

मालन पिशवी घेऊन सासरच्या घरी आली. अर्ध्या पांढऱ्या भिंतीला टेकून बसली. दिवस मावळायच्या आत माहेराहून आईचा फोन आला.

"मालन, जावई येऊन गेले गं."

"गेले? बसवून घ्यायचं न्हाई व्हय?"

"बसत्यात कसले! मी दारात आडवी झाले, म्हनलं, जावयबापू, थांबा, च्या टाकते. तर मला वळसा घालून पळता पळताच म्हनले, 'शर्यत पुरी झाली, मामी. मालनला न्यायला आलोय, पर थांबाय येत न्हाई!'"

"आन मग?"

"मग काय? तुझ्या बानं वेशीपतोर हाका मारल्या. मालन तिकडंच हाय, थांबा, थांबा म्हणून. लईच जोरात सुटले बघ. आता निपाणीच्या रोडला लागल्यात."