हत्तीपुढचा हॉर्न

कोल्हापूरचे हंबीरराव जाचक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांचं साहेबपण काही निवृत्त झालं नाही. श्रीलंकेच्या सहलीसाठी जावयाने गाडीबरोबर ड्रायव्हरही ठरवून दिला, हे त्यांना भारी झोंबलं.

"अर्ध्या जिल्ह्याचे रस्ते मी बांधलेत," सकाळपासून ते ड्रायव्हर उपालीला ऐकवत होते. "वाट मोबाइल दाखवतो. मग तुझं काम काय? उद्या किल्ली माझ्याकडे दे आणि घरी जा."

"बरं साहेब," उपाली मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणायचा आणि गाडी चालवत राहायचा.

दुपारी जंगलातल्या रस्त्यावर त्याने एकाएकी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. समोर भलामोठा हत्ती रस्ता अडवून उभा होता. मोबाइल सांगत होता, सरळ जा.

"बघत काय बसलास? हॉर्न मार!" हंबीरराव खेकसले.

उपालीने किल्ली काढून शांतपणे त्यांच्या हातावर ठेवली. "उद्या कशाला, साहेब? आत्ताच घ्या. फक्त हॉर्न मारायच्या आधी मला उतरू द्या."

हॉर्न वाजला नाही. अर्ध्या तासाने हत्ती आपणहून झाडीत शिरला. हंबीररावांनी किल्ली परत केली आणि घसा खाकरून विचारलं, "उपालीराव, उद्या किती वाजता येताय?"