मापाड्याचा हात

पौष सरत आला होता आणि आभाळ खाली उतरून आलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती कोंदट थंडी. अशा हवेत उभ्या ज्वारीवर चिकटा पडतो. म्हणून जो तो दाराबाहेर येऊन वर बघत होता आणि काही न बोलता आत जात होता.

"…पण मग तिनं मला खोटं का सांगितलं, बाबा?"

रेवणनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दावलबाबा पिराच्या कट्ट्यावर बसून ज्वारीतले खडे वेचत होते. दोनदा त्यांनी ऐकून सोडून दिलं होतं. तिसऱ्यांदा मान वर केली.

"कुणी?"

"निलव्वाक्कानं."

"निलव्वा खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले आणि पुन्हा खडे वेचू लागले.

हे दावलबाबा चाळीस वर्षं बाजारात मापाडी होते. मापाडी म्हणजे धान्य मापून देणारा. तो शेतकऱ्याचाही नव्हे आणि व्यापाऱ्याचाही नव्हे, दोघांच्या मधला. हातात अधोलीचं माप, तोंडात मोजणी. 'लाभ, दोन, तीन…' मापाड्यानं पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. पुढं वजनाचे काटे आले, मापाडी उठले, आणि बाबा अधोली घेऊन पिरापाशी येऊन बसले ते बसलेच.

रेवण याच गल्लीतला. पहिली मोजणी तो बाबांच्या मांडीला मांडी लावून शिकला. मग शिकत शिकत इतका लांब गेला, की गावात कुणाला त्याच्या शहराचं नाव धड घेता येत नव्हतं.

पण धंदा म्हणाल तर तोच, मापाड्याचा. रेवण गरिबी मापायचा.

बेचाळीस देशांत, दारोदार, तेच अकरा प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे. आलेल्या उत्तरांची एक शिडी व्हायची. कुठला देश कुठल्या पायरीवर, त्यातला कुठला तालुका रेषेच्या वर, कुठला खाली. मग त्या शिडीकडं बघून देणारे मदत देत आणि थांबवणारे थांबवत.

दोन वर्षांपूर्वी पाहणीत त्याच्याच गल्लीचं नाव निघालं. तो हौसेनं स्वतः आला. तेव्हा चावडीशेजारी पत्र्याच्या शेडात दुपारची पंगत बसायची, म्हाताऱ्यांसाठी आणि लेकरांसाठी. कुठल्याशा लांबच्या देशातली मंडळी ती चालवायची. रेवणनं बारा घरं विचारली. सातवा प्रश्न उपासाचा होता. बाराही घरांनी त्याला 'न्हाई' म्हटलं. आसपासच्या गावांतूनही तेच आलं. तालुका रेषेच्या वर गेला, आणि पंगत उठून खालच्या पायरीवरच्या एका देशात गेली.

आज सकाळी तो पुन्हा आला होता, दुसऱ्या खेपेच्या पाहणीला. शेडाला कुलूप होतं. निलव्वाच्या दारात तिच्या नवऱ्याच्या, शिवाप्पांच्या चपला नव्हत्या.

"भाद्रपदात गेले," चहावाला म्हणाला होता. "ताप तीनच दिवसांचा. पण अंगात काय होतं तापायला? पंगत गेली तशी त्या घरात दिवसाआड चूल पेटायची. आणि पंगत होती तेव्हा म्हातारा तिथं जेवायचा अन् निलव्वा पाणी पिऊन झोपायची. सगळ्या गल्लीला ठावं. तुम्ही काय लिहून नेलंत, साहेब?"

तेव्हापासून रेवणच्या पोटात ते 'साहेब' रुतून बसलं होतं.

"मी स्वतः विचारलं होतं, बाबा," तो म्हणाला. "'गेल्या तीस दिवसांत, घरात अन्न नाही म्हणून कुणी दिवसभर उपाशी राहिलं का?' ती न्हाई म्हणाली. शिवाप्पा शेजारीच होते, त्यांनीही मान हलवली. मी काय करायचं होतं? बेचाळीस देशांत हाच प्रश्न आहे. मी एक शब्द बदलला तर माप बदलतं."

"माप बदलू नये," बाबा म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी!"

"बरं."

…

"कुठं बसून विचारलंस?" बाबा म्हणाले.

"घरात. घोंगडं टाकलं होतं तिनं."

"हातात काय होतं?"

"कागद."

"दुसऱ्या हातात?"

रेवणनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"…भाकरी," तो म्हणाला.

बाबांनी ज्वारीचं सूप बाजूला केलं. मागच्या कोनाड्यातून फडकं काढलं, सोडलं. आत कडक भाकरी होती आणि शेंगांची चटणी, तेलात भिजलेली.

"खा."

"बाबा, मला आत्ता खरंच…"

"खा म्हणतो ना, रेवण्या."

रेवणनं खाल्लं. चांगली चटणी होती. बोटं तेलानं लाल झाली. तो हात धुवायला उठू लागला तसं बाबांनी त्याला बसवलं आणि अधोली पुढं सरकवली.

"आता ही ज्वारी माप."

"असाच?"

"असाच."

रेवणनं डाव्या हातानं अधोली भरली. वर आलेली शीग उजव्या तळव्यानं सारून सपाट केली. हाताला अजून सवय होती.

"लाभ…" तो म्हणाला.

तेवढ्यात बाबांनी त्याचा हात धरला आणि तळवा आभाळाकडं केला.

तळव्यावर दाणे चिकटले होते.

"हे कुणाचे?" बाबांनी विचारलं.

रेवण बघत राहिला. ज्वारी पिकवणाऱ्याचे म्हणावेत, तर मापातून गेलेले. घेणाऱ्याचे म्हणावेत, तर त्याला पोचलेच नाहीत.

त्याला बाजाराचा कायदा आठवला. मापाडी आपली भाकरी आपल्या फडक्यात बांधून न्यायचा. ज्याचं धान्य मापायचं, त्याच्या घरचा घोटभर चहासुद्धा घ्यायचा नाही. लोक म्हणायचे, मिंधेपण नको म्हणून. रेवणलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

"पण बाबा," तो हळू आवाजात म्हणाला, "ती सोडेना. जेवल्याशिवाय बोलूच देईना. नको म्हटलं असतं तर तिला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं."

"मग?"

"वाटलं असतं," बाबा म्हणाले.

 कट्ट्याखालून एक शेळी गेली. बाबांनी रेवणच्या तळव्यावरचे दाणे एकेक करून काढले आणि सुपात टाकले.

"त्या दिवशीची निलव्वाची भाकरी कुठल्या पिठाची होती, ठाऊक आहे?"

"नाही."

"निलव्वानं मल्लव्वाकडून उसनं नेलं. मल्लव्वाच्या डब्यात तरी कुठलं? नवरा गेलेला, पदरात तीन लेकरं. ती पळत माझ्याकडं आली. माझ्याकडं पिराला आलेलं होतं, ते दिलं." बाबा किंचित हसले. "म्हणजे तू पिराचं खाल्लंस बघ. काही पुण्य लागलं असंल तर लागलं असंल."

रेवणला हसता आलं नाही.

"एक सांगू, बाबा? वरच्या पायरीवरचा एक देश आहे. थंडीचा. तिथं एका म्हाताऱ्याच्या दारावर गेलो होतो. मोठी इमारत, वर-खाली नेणारा पाळणा लावलेली. त्याला हाच सातवा प्रश्न विचारला. तो लगेच म्हणाला, दोन दिवस काही खाल्लेलं नाही. लिहा. …मी लिहिलं. तो गरिबांत धरला गेला. आणि शिवाप्पा…"

"त्याच्याकडं काय खाल्लंस?"

"काही नाही. त्यानं दाराची साखळीसुद्धा काढली नाही. फटीतून बोलला."

"बरा माणूस."

"बरा?"

"त्यानं तुला पाहुणा केला नाही," बाबा म्हणाले.

…

"अन् बाकीच्या देशांत?"

"बाकीच्या म्हणजे?"

"खालच्या पायऱ्यांवरच्या. तिथं तू स्वतः गेला असशील की. किती ठिकाणी जेवलास? मोज."

रेवणनं बोटांवर अंगठा ठेवला. डोंगरातल्या एका घरात याकाचं दूध, खारट. तळ्याकाठच्या झोपडीत उकडलेला कंद. वाळवंटात खजूर. एका बेटावर म्हातारीनं त्याच्यासाठी वाळवलेला मासा भाजला होता आणि तो संपेपर्यंत त्याच्याकडं बघत बसली होती. अंगठा पेरापेरावरून सरकत गेला. दुसऱ्या हातावर आला.

मग त्याला त्या घरांचे कागद आठवू लागले. सातव्या प्रश्नापुढचं उत्तर आठवू लागलं. एका घराचं. दुसऱ्या घराचं…

अंगठा जागच्या जागी थांबला.

"मोजलंस?" बाबांनी विचारलं.

"नको, बाबा."

"बरं. नको तर नको."

वर आभाळ तसंच होतं. पलीकडच्या घरातून कात्रीचा आवाज येत होता, पानं कापल्याचा. निलव्वा विड्या वळायला बसली असणार.

"आज संध्याकाळी या खेपेचे कागद पुढं जातात," रेवण म्हणाला. "निलव्वाक्का आज खरं बोलली, गल्लीतली चार घरं खरं बोलली, तर पंगत परत येऊ शकते. येईलच असं नाही. पण येऊ शकते."

"मग इथं काय करतोस?"

"काय म्हणू तिला?"

"प्रश्न आहे की तुझ्याजवळ. बेचाळीस देशांतला," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, मऊ आवाजात, "हात धुऊन जा."

रेवणनं रांजणापाशी हात धुतले. दोनदा धुतले.

निलव्वाचं दार उघडंच होतं. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू. ती कपाळाला पदर बांधून विड्या वळत होती. रेवणला बघून ती एकदम उठली.

"अगं बया! रेवणा? कवा आलास? ये की, बस. …अरं असा उंबऱ्यात काय?"

"बसत नाही, अक्का."

"पाणी?"

"नको."

"च्या टाकते. दूध न्हाई, पर…"

"नको, अक्का. काही नको."

निलव्वाचा हात भांड्यावर तसाच राहिला.

"काय चुकलं का रं आमचं?"

 या उंबऱ्यावर तो रांगला होता. आई तापानं पडली होती तेव्हा महिनाभर याच घरात जेवला होता. 'नको' म्हणायला त्याला आजवर कुठं एवढं जड गेलं नव्हतं.

"काही चुकलं नाही तुझं. मला एक विचारायचंय. उभ्यानं विचारायचंय."

"तोंड सुकलंय तुझं."

"असू दे."

त्यानं कागद काढला. शब्द पाठ होते, तरी वाचून दाखवले. एकही बदलला नाही. गेल्या तीस दिवसांत… घरात अन्न नाही म्हणून… कुणी दिवसभर…

निलव्वा खाली बसली. एक पान उचललं, कात्रीनं त्याचा चौकोन कापला. बाजूला ठेवला. दुसरं पान उचललं नाही.

"दोन वर्सांमागं हेच इचारलं व्हतंस."

"व्हय, अक्का."

"मी काय सांगितलं व्हतं?"

"न्हाई म्हणाली होतीस."

"आन् त्येंनी?"

"…मान हलवली होती."

निलव्वानं मान डोलावली, आठवलं तशी. खोलीत दोनच ताटं होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यातलं एक कोरडं होतं, धूळ धरलेलं.

"चुकलं माझं, अक्का," रेवण म्हणाला. आता त्याचा आवाज कागद वाचणाऱ्याचा राहिला नव्हता. "मी तुझी भाकरी खात खात विचारलं. मला कळायला पाहिजे होतं. आज खरं सांग. नुसतं व्हय म्हण. एकदाच. मी लिहितो. पंगत परत येईल…"

"आन् ह्ये?"

तिनं धुळीच्या ताटाकडं बघून विचारलं. 

  रेवणनं लेखणी कागदाला टेकवून धरली होती. सातव्या प्रश्नापुढं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"त्येंनी उभ्या जन्मात कुणापुढं सांगितलं न्हाई, रेवणा," निलव्वा शेवटी म्हणाली. राग नव्हता. "आता त्येंच्या माघारी मी सांगत न्हाई. माझं 'न्हाई' हाय तसंच ऱ्हाऊ दे."

रेवणनं कागदाची घडी घातली.  तो वळला. उंबऱ्यावरून उतरून दोन पावलं गेला असेल, तोच मागून हाक आली.

निलव्वा दारात येऊन उभी होती. चौकटीला धरून. गल्लीच्या टोकाकडं बघत होती, त्याच्याकडं नाही.

"मल्लव्वाकडं जा," ती म्हणाली. "तिची लेकरं हाईत अजून. …आन् तिनं बस म्हटलं, तर बसू नगंस."