कमानीवरचं नाव

तांबटवाडीच्या शाळेपुढून गाड्या सुसाट जात. मालनकाकूंचा नातू परवाच एका टेम्पोखाली येता येता वाचला होता. त्यामुळे नगरसेवक बाजीराव खुटवडांनी शाळेच्या दारात सभा भरवली, तेव्हा काकूंनी उभं राहून गतिरोधक मागितला.

"निधी एकाच कामापुरता आहे, काकू. त्यातून स्वागतकमान होणार," खुटवड म्हणाले. "गतिरोधकावर आदळून लोक मला शिव्याच घालतील!"

सभा हसली. काकूंनी मात्र कुतूहलाने विचारलं, "कमानीवर काय लिहिणार हो?"

"माझं नाव! चांगलं ठळक अक्षरांत."

इतक्यात एक टेम्पो धुरळा उडवत निघून गेला.

"साहेब, त्या टेम्पोवर काय लिहिलं होतं?"

"एवढ्या वेगात कुणाला वाचता येतंय?"

"मग टेम्पोतल्या माणसाला तरी तुमचं नाव कसं वाचता येणार?"



कमान झालीच नाही. गतिरोधक झाला आणि त्याच्या शेजारी खुटवडांच्या नावाची पाटी लागली. आता काकूंचा नातू निवांत रस्ता ओलांडतो, आणि प्रत्येक गाडीवाला वेग कमी करून ते नाव वाचतो. वाचून झाल्यावर तो काय म्हणतो, हे मात्र खुटवडांनी अजून कुणाला विचारलेलं नाही.